आवा, भट्टी आणि घाणी

कोल्हापूरच्या पश्चिम कडेला, पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांना १९४०च्या दशकात तिथे सातवाहनकाळातल्या कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. पाठोपाठ १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीवर रीतसर उत्खनन केले. या साऱ्यात गाजली ती ग्रीक समुद्रदेव पोसायडनची चिमुकली मूर्ती. रोमशी चाललेल्या व्यापाराचा तो पुरावा होता आणि आजही टाउन हॉलमधल्या संग्रहालयात लोक ती आवर्जून पाहतात. मूर्तीइतकी दाद न मिळालेली एक गोष्ट त्याच टेकडीत होती. ज्यांच्या घरी अशा वस्तू होत्या, ती माणसे भाजलेल्या विटांच्या घरांत राहत होती.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच कोल्हापूरच्या माणसाने नदीकाठची माती उचलली, ती मळली, साच्यात घातली आणि आगीतून काढून तिचा स्वभाव बदलला. पाण्यात विरघळणारी माती पाण्याला दाद देईना. त्यानंतर याच मुलखात मातीवर आणखी एक प्रयोग झाला. भाजलेली माती दळून चुन्यात कालवली गेली आणि तिच्यापासून दगड जोडणारा मसाला तयार झाला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ‘जिओपॉलिमर’ नावाने ज्या पदार्थाचा अभ्यास चालतो, त्याचे मूळ तत्त्व यापासून फार दूर नाही. मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना उष्णतेने मोकळी करायची, त्यांना क्षाराची जोड द्यायची आणि सिमेंटशिवाय घट्ट पदार्थ मिळवायचा. कोल्हापुरात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कुंभार, लोणारी आणि गवंडी यांच्या हातांत होते. विसाव्या शतकात ते झपाट्याने मागे पडले. ते कसे घडत गेले आणि का थांबले, हे आज नव्याने समजून घेण्याची गरज आहे.

आधी माती. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे एका दिवसाचा प्रवास केला, तरी मातीचे तीन-चार संसार पाहायला मिळतात. तळाशी बहुतेक ठिकाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पावसाने लाखो वर्षे हा खडक धुतला. त्यातली सिलिका आणि चुना वाहून गेला. लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरले. त्याचा जांभा झाला. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार, आजरा-चंदगडकडचे सडे ही या जांभ्याची टोपी. त्याच्या उतारावर तांबडी माती, नदीकाठी गाळाचा पोयटा आणि पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात कसदार काळी जमीन. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने या प्रत्येक मातीचा गुण वेगळा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीला ती घातक. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात हा गुण पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या खडकाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे लोक तोवर शतकानुशतके चिऱ्यांची घरे बांधत होते.

मातीचा पहिला जाणकार म्हणजे कुंभार. कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी आणि बापट कॅम्प हे कुंभारांचे भाग सर्वांना ठाऊक आहेत. आज तिथे मुख्यत्वे गणेशमूर्ती घडतात. पण मडकी, रांजण, चुली, पणत्या, कौले आणि विटा हा या समाजाचा जुना व्यवसाय. कुंभार नुसती माती कधीच वापरत नाही. तळ्याची चिकट माती, जरा रेताड माती, राख, घोड्याची लीद, भाताचे तूस असा मेळ तो अंदाजाने जमवतो. चिकट माती एकटी वाळवली तर तडकते. तुसामुळे आणि लिदीमुळे तिला धागा मिळतो, वाळताना पाणी बाहेर पडायला वाट मिळते. भाजताना हे तूस जळून जाते आणि वीट हलकी होते. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे सातवाहनांच्या काळातले तगर; तिथल्या जुन्या मंदिराच्या विटा इतक्या सच्छिद्र आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. त्याच तेरमध्ये पांढऱ्या केओलिन मातीच्या नाजूक मूर्ती साच्यातून काढल्या जात होत्या आणि त्याच गावात पुढे संत गोरा कुंभार होऊन गेले. एकाच गावात मातीची विद्या हजार वर्षांहून अधिक काळ टिकून होती.

कुंभाराचा आवा उघड्यावर रचलेला असतो. खाली लाकूड, गोवऱ्या, मध्ये भांडी, वर पेंढा आणि मातीचा लेप. त्यातली उष्णता साधारण सातशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. ही मर्यादा इथे महत्त्वाची. केओलिन जातीची चिकण माती सहाशे अंशांच्या पुढे तापली की तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि तिची सुबक स्फटिकरचना मोडते. मोडलेली रचना अस्वस्थ असते. चुना किंवा सोडा भेटला की ती त्याच्याशी सहज संयोग पावते. उष्णता साडेनऊशे अंशांच्या पुढे गेली की मात्र कण नव्या, थंड स्वभावाच्या स्फटिकांत बसतात आणि संयोगाची ही तहान संपते. आव्याची आग नेमकी या दोन टोकांच्या मधली. कुंभाराला रसायनशास्त्र सांगायला कुणी नव्हते, तरी त्याच्या आव्यातून निघणारी खापरे बांधकामासाठी उत्तम कच्चा माल होती.

तरीही कोल्हापूरची सर्वांत भव्य जुनी बांधकामे मसाल्यावर उभी नाहीत. अंबाबाईचे देऊळ किंवा शिलाहारांच्या काळातले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहावे. तिथे दगडावर दगड बसला आहे तो घडाईच्या अचूकपणामुळे आणि वजनामुळे. खांब, तुळई आणि एकावर एक पुढे सरकवलेले थर या पद्धतीला चुन्याची फारशी गरज नसते. मसाला अटळ होतो तो कमान आणि घुमट आल्यावर. बहमनी आणि आदिलशाही राजवटीत दख्खनभर ही पद्धत पसरली. विजापूरच्या गोलघुमटाचे प्रचंड छत चुन्याच्या भरवशावर उभे राहिले. पन्हाळा त्याच विजापूरच्या ताब्यात बराच काळ होता. गडावरचा तीन दरवाजा आदिलशाही आहे आणि गंगा, यमुना, सरस्वती या अंबारखान्याच्या कोठ्यांची जाड, कमानदार छते चुन्याशिवाय बांधता आली नसती.

हा चुना येत होता कुठून? दख्खनच्या बेसॉल्टमध्ये चुनखडकाच्या मोठ्या खाणी नाहीत. इथला चुना ओढ्याकाठी आणि काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा. हे खडे वेचायचे, कोळशाच्या थरांत रचून भट्टीत भाजायचे आणि कळीचा चुना काढायचा, हे काम लोणारी समाजाचे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी चुना भाजणारे म्हणून त्यांची नोंद केली आहे. कोळसा पाडणे हाही त्यांचाच धंदा, कारण भट्टीला तोच लागायचा. भट्टीतून निघालेली कळी पाण्यात विरवायची, ती उकळून फुटायची, मग हौदात कित्येक दिवस मुरत ठेवायची. मुरलेला चुना घाणीत मळला जायचा. घाणी म्हणजे जमिनीत केलेली वर्तुळाकार दगडी चर आणि तीत बैलाने किंवा रेड्याने ओढलेले दगडी चाक. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर अशी चाके आजही पडून आहेत.

याच घाणीत आवा आणि भट्टी यांची गाठ पडायची. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही. पाण्याखाली तर ती मिळतच नाही. विहीर, हौद, बंधारा, पूल यांना तो पुरत नाही. म्हणून घाणीत सुरखी पडायची. सुरखी म्हणजे विटांचा आणि खापरांचा बारीक चुरा. त्यातली मोकळी झालेली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावते आणि मसाला हवेशिवाय, ओलाव्यातही आतून घट्ट होत जातो. रोमन लोक पोझ्झुओलीच्या ज्वालामुखी राखेने हेच साधत होते. राख न मिळणाऱ्या प्रांतांत तेही विटांचा चुरा वापरत. पोसायडनची मूर्ती ज्या रोमन जगातून ब्रह्मपुरीला आली, त्या जगाच्या बंदरांचे धक्के अशाच मसाल्यावर उभे होते.

सुरखीची वीट निवडण्यात गवंड्याची परीक्षा होती. खंगर झालेली, म्हणजे जास्त भाजून काळी-निळी पडलेली वीट सुरखीला चालत नसे. मऊ, नीट भाजलेली वीट हवी असे. साडेनऊशे अंशांपुढे मातीची तहान संपते, हे विज्ञानाने सांगितलेले कारण आणि गवंड्याचा नियम एकाच निष्कर्षाला पोचतात. मसाल्यात आणखी पुष्कळ काही पडायचे. हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, ताग आणि गूळ. कोल्हापूरच्या मुलखात गुळाला तोटा नव्हता. गुळाच्या पाण्याने चुना लवकर आळत नाही, थापीखाली मऊ राहतो, कमी पाण्यात कालवता येतो. गिलाव्यातल्या धाग्यांचे महत्त्व सांगणारे एक उत्तम संशोधन महाराष्ट्रातच झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरचे वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे दाखवले. २०१६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंतूंमुळे माती बांधलेली राहिली आणि कीडही दूर राहिली, असा त्यांचा निर्वाळा होता.

चुना आणि सुरखी राजवाड्यांची, देवळांची, सावकाराच्या वाड्याची. सामान्य माणसाचे घर कच्च्या मातीचे असे. गावठाणाची पांढरी माती, तीत तूस आणि शेण, तिचे भेंडे थापून उन्हात वाळवायचे आणि मातीच्याच गाऱ्यात भिंत चढवायची. वर कौले किंवा पेंढा, आत सारवण. अशा भिंती जाड असत, घर उन्हाळ्यात गार राही आणि हे सारे घरच्या हातांनी होत असे. त्यांचा वैरी एकच, पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी या रेषेच्या कितीतरी वर गेले आणि नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती बसल्या. ज्यांच्या घरांच्या भिंती बसल्या, त्यांनी पुढचे घर सिमेंटचेच बांधायचे ठरवले तर त्यांना दोष देता येणार नाही. कच्च्या मातीला पाण्यात टिकवायचे कसे, हा प्रश्न कोल्हापूरला प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो दर पावसाळ्यात दाराशी येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानात बांधकामाची मोठी लाट आली. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर टाउन हॉल झाला, १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडाचा नवा राजवाडा उभा राहिला. पुढे शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. पैशाअभावी ते काम अर्धवट थांबले आणि महाराजांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्या पिढीच्या अभियंत्यांना चुना आणि सुरखी हे मागास साहित्य वाटत नव्हते. १८९५ साली पुरे झालेले मुल्लपेरियार आणि १९११ साली विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेले कृष्णराजसागर ही प्रचंड धरणे सुरखीमिश्रित चुन्यात बांधली गेली. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली होती.

मग सिमेंट आले. इंग्लंडमध्ये जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले होते. भारतात त्याचे यशस्वी उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. सिमेंटचे गुण खरे होते. चुन्याला आठवडे लागत, ते काम सिमेंट दिवसांत करी. पोते उघडले की माल तयार. भट्टी, हौद, घाणी, मुरवण यांतले काहीच नको. प्रत्येक पोत्यातला माल सारखा, त्यामुळे अभियंत्याला कागदावर हिशेब मांडता येई. लोखंडी सळईशी त्याची जोडी जमली आणि पातळ स्लॅब, उंच खांब शक्य झाले. चुना भाजणारा, कोळसा पाडणारा, घाणी हाकणारा यांचे कष्ट अतोनात होते, मजुरी तुटपुंजी होती आणि जातीने ते काम त्यांच्या गळ्यात बांधले होते. त्यांच्या मुलांनी ते सोडले याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख आहे ते याचे की हात मोकळे झाले तेव्हा त्या हातांतले ज्ञान कुणी टिपून ठेवले नाही. कोणत्या रानातली माती, किती भाजलेली, किती मुरलेला चुना, कोणत्या कामाला कोणते प्रमाण, हे दोन पिढ्यांत विसरले गेले.

त्याच विसाव्या शतकात युरोपात दुसऱ्या टोकाने शोध चालू होता. बेल्जियमच्या पर्डन यांनी १९४० साली लोखंडाच्या भट्टीतल्या मळीला, म्हणजे स्लॅगला, क्षार देऊन सिमेंटसारखा पदार्थ मिळवला. कीवमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५०च्या दशकात मळी आणि माती यांवर क्षाराचे प्रयोग केले आणि त्या पदार्थाला ‘मृदा-सिलिकेट’ अशा अर्थाचे नाव दिले. फ्रान्समध्ये सत्तरीच्या दशकात आगीच्या भीषण दुर्घटनांनंतर जोसेफ डेव्हिडोव्हिट्स न जळणाऱ्या पदार्थाच्या शोधाला लागले. भाजलेले केओलिन आणि क्षारद्रव यांतून मिळालेल्या पदार्थाला त्यांनी ‘जिओपॉलिमर’ म्हटले. दाहक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रवात भाजलेली माती विरघळते, तिच्यातले सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम ऑक्सिजनच्या दुव्यांनी एकमेकांत गुंफले जातात आणि स्वेटरच्या विणीसारखे त्रिमितीय जाळे तयार होते. साध्या हवेत किंवा साठ-सत्तर अंशांच्या उबेत ते घट्ट होते. सुरखीच्या चुन्यात कॅल्शियम बांधणी करते, इथे सोडियम जाळ्यात बसतो. रचना वेगळी, पण भाजलेल्या मातीची तहान तीच. ऑस्ट्रेलियात टूवूंबाजवळच्या वेलकॅम्प विमानतळाच्या बांधकामात २०१४ साली सुमारे ४० हजार घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरले गेले. फक्त त्यात मातीऐवजी औद्योगिक मळी आणि राख होती.

असे जाळे विणण्याचे काम निसर्गाने आपल्याच खडकांत केलेले आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत क्षारयुक्त गरम पाणी झिरपले, खडकातली काच विरघळली आणि तिथे झिओलाइटचे स्फटिक फुलले. स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला दुरून लोक येतात. जिओपॉलिमरचे जाळे या झिओलाइटांचेच नात्यातले आहे. निसर्गाला जिथे फुरसत होती, तिथे सुबक स्फटिक झाले, माणसाच्या साच्यात घाई असते म्हणून स्फटिक बनत नाहीत.

कोल्हापूरसाठी या कथेतले सर्वांत रसाळ पान जांभ्याचे आहे. पूर्वी जिओपॉलिमरसाठी पांढरे, शुद्ध केओलिन हवे असे मानले जाई. आफ्रिकेत, विशेषतः कॅमेरूनमध्ये, शुद्ध केओलिन जवळ नसलेल्या संशोधकांनी लोहयुक्त तांबडा लॅटराइट भाजून वापरला आणि तोही क्षाराशी संयोग पावतो असे दाखवले. लोहही बांधणीत भाग घेते. चंदगड-राधानगरीच्या पठारांवरचा जांभा त्याच जातीचा; जिथे अॅल्युमिना जास्त साचली तिथे बॉक्साइट झाले. हे बॉक्साइट वर्षानुवर्षे बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे गेले. दाहक सोड्यात अॅल्युमिना काढून घेतली की उरतो तो लाल चिखल. तो स्वतःच क्षारयुक्त असतो आणि त्याचे काय करायचे हा जगभरचा मोठा प्रश्न आहे. जिओपॉलिमरमध्ये तो वापरण्याचे प्रयोग भारतातल्या शासकीय प्रयोगशाळांतही झाले आहेत. कोल्हापूरच्या डोंगरावरून गेलेली माती अशा रूपाने बांधकामात परत येऊ शकते. पठारांवरच्या उत्खननाने झरे आणि रानफुले मरतात, ही तक्रार मात्र या हिशेबात पहिल्या ओळीला धरली पाहिजे.

दुसरे पान फाउंड्रीचे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ओतकामाच्या शेकडो भट्ट्या आहेत. साचा आणि कोअर बांधताना इथला कारागीर वाळूत सोडियम सिलिकेट मिसळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि वाळू क्षणात कडक होते. जिओपॉलिमर घडवताना जो द्रव सर्रास वापरतात, तो कोल्हापूरच्या कामगाराच्या रोजच्या हाताखालचा आहे. झेक प्रजासत्ताकात तर ओतकामाच्या वाळूसाठी जिओपॉलिमर बंधक बाजारात आहे. कोल्हापुरात वापरून फेकलेल्या वाळूचे ढीग, साखर कारखान्यांतली बगॅसची राख आणि तांबडी माती या तिन्ही गोष्टी वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात मिळतात. विटा आणि पेव्हिंग ब्लॉक यांत त्यांचा मेळ घालण्याइतके कौशल्य इथल्या औद्योगिक वसाहतींत आहे.

कुंभारकामाशीही याचा संबंध आहे. मंगळूरला बाझल मिशनने १८६५ साली यंत्रावर कौले काढायला सुरुवात केली आणि ती कौले सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरली. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठीभाषक खानापुरात चांगल्या मातीमुळे कौलांचे कारखाने उभे राहिले आणि खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था तिथे आली. या धंद्याचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे जळण. जिओपॉलिमरच्या फरशीला किंवा कौलाला घडवल्यानंतर आव्यात घालावे लागत नाही. माती एकदा, कमी उष्णतेवर भाजून दळली की पुढची घडाई गार साच्यात होते. जळणाअभावी आवा लावणे परवडत नाही अशा कुंभाराला हा फरक मोठा आहे.

अडचणीही स्पष्ट आहेत. दाहक सोड्याने कातडी भाजते. उघड्या हातांनी चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या हाती तो तसाच देता येणार नाही. सोडियम सिलिकेट बनवायलाही ऊर्जा लागते. प्रमाण चुकले तर भिंतीवर पांढरा खार फुटतो. आणि माती गावागणिक बदलते, त्यामुळे एका खाणीवर बसलेले प्रमाण दुसऱ्या खाणीवर चालत नाही. या शेवटच्या अडचणीचे उत्तर जुन्या गवंड्याकडे होते: प्रत्येक कामाआधी मातीची परीक्षा.

मानकांनी वाट मोकळी करायला सुरुवात केली आहे. भाजलेल्या मातीच्या पोझोलानासाठी, म्हणजे सुरखीसारख्या पुडीसाठी, भारतीय मानक जुने आहे. क्षाराने घट्ट होणाऱ्या काँक्रीटच्या तयार वस्तूंसाठी २०२० साली मार्गदर्शक मानक आले. दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी आणि स्वित्झर्लंडमधले संशोधक यांनी मिळून घडवलेल्या, भाजलेली माती आणि चुनखडीची पूड घातलेल्या सिमेंटला २०२३ साली मानक मिळाले. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, निम्म्याच्या आसपास उरतो, म्हणून कार्बनचा भारही बराच घटतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे होते. म्हणून ही घट मोलाची आहे. विटांचा चुरा चुन्यात घालणाऱ्या गवंड्याला या सिमेंटची कल्पना सांगितली असती, तर त्याला ती ओळखीची वाटली असती.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. तिथल्या बुरुजांच्या आणि अंबारखान्याच्या दुरुस्तीत सिमेंट चालणार नाही. ते कडक असते, ओल आत कोंडते आणि शेजारचा जुना चुना व दगड फोडते. म्हणजे चुना भाजणारे, सुरखी दळणारे, मसाला ओळखणारे हात पुन्हा लागणार आहेत आणि ते आत्ता घडवावे लागतील. पन्हाळ्याच्या दुरुस्तीसाठी शिकलेला गवंडी उद्या नदीकाठच्या गावात पुराला टिकणारी मातीची भिंत बांधू शकेल, जर त्याच्या शिक्षणात जुन्या घाणीबरोबर नव्या क्षारांचे प्रयोगही आले तर. त्यासाठी पहिले काम साधे आहे. चंदगडपासून शिरोळपर्यंत प्रत्येक तालुक्यातली माती गोळा करायची, ती सहाशे, सातशे, आठशे अंशांवर भाजायची, चुन्यात आणि सोड्यात कालवून तिचे ठोकळे घडवायचे, ते पाण्यात बुडवून ठेवायचे आणि निकाल मराठीत छापून गवंड्यांच्या, कुंभारांच्या आणि वीटभट्टीवाल्यांच्या हाती द्यायचे. अभियांत्रिकी महाविद्यालये, फाउंड्रीच्या चाचणी-प्रयोगशाळा आणि कुंभारवाडे हे सगळे कोल्हापुरात एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत.